विश्लेषण : घरी बिनचूक वाजणारी धून मंचावर का अडते?

शाळांची स्नेहसंमेलने आणि संगीतवर्गांचे वार्षिक कार्यक्रम जवळ आले की पियानो, कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांच्या घरी एकच तक्रार ऐकू येते. घरी दहा वेळा नीट वाजवलेली धून मंचावर मध्येच अडते. मूल रडवेले होऊन खाली येते आणि कधी कधी त्या एका संध्याकाळीनंतर वाद्यच सोडून देते. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात तर सरावाची शांत जागा मिळणे हेच अवघड. अशा वेळी मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

लोकांसमोर नेमके काय बिघडते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये एक सिद्धांत मांडला. समोर माणसे असली की पक्के अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते आणि कच्चे काम अधिक बिघडते, असा त्याचा सारांश. म्हणजे घरी ‘जेमतेम येते’ ती ओळ मंचावर हमखास अडते. म्हणून मुलाला येणारी सर्वांत कठीण धून कार्यक्रमासाठी निवडू नये. त्याहून एक पायरी सोपी, पण मुलाला आवडणारी धून निवडावी. सोपी धून सुरेख वाजली तर ऐकणाऱ्यांना ती कमी वाटत नाही.

बोटांच्या आठवणीवर भरवसा का नको?

रोज पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजवले की बोटांना सवय लागते. प्रत्येक सूर पुढच्या सुराची आठवण करून देतो, जणू मालगाडीचे डबे. मंचावर दडपणामुळे एक कडी निसटली की पुढचे सगळे डबे मागेच राहतात. मग मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आणि त्याच जागी पुन्हा अडते.

यावरचा उपाय म्हणजे धुनेत ‘थांबे’ ठरवणे. मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांनी पियानोवादक गॅब्रिएला इमरेह यांच्या सरावाचा प्रदीर्घ अभ्यास केला. मोठी रचना पाठ करताना कुशल वादक तिच्यात खुणेच्या जागा ठरवतात, हे त्यातून दिसले. मुलांसाठी हीच युक्ती सोपी करता येते. स्वरलेखनाच्या कागदावर चार-पाच ठिकाणी पेन्सिलने १, २, ३ असे आकडे घालावेत. मग आईने किंवा ताईने कोणताही आकडा पुकारावा आणि मुलाने थेट तिथून वाजवावे. शेवटचा थांबा आधी पक्का करावा, म्हणजे धून जसजशी पुढे जाईल तसतसा धीर वाढतो.

घरचा कीबोर्ड आणि मंचावरचा पियानो यांत फरक किती?

बराच. घरच्या कीबोर्डला बहुधा ६१ पट्ट्या असतात, पियानोला ८८. त्यामुळे ‘मिडल सी’ची जागा बदलते. ६१ पट्ट्यांच्या सर्वसाधारण कीबोर्डवर तो डावीकडून तिसरा ‘सी’ असतो, तर पियानोवर चौथा. घाबरलेले मूल एक सप्तक खाली-वर हात ठेवते ते यामुळेच. शिवाय पियानोच्या पट्ट्या जड असतात. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते, त्यामुळे हलका हात पडला तर सूर उमटतच नाही. कार्यक्रमाआधी त्या वाद्यावर निदान दहा मिनिटे मिळावीत, अशी विनंती शिक्षकांना करावी. स्टुलाची उंची, पेडल आणि ‘मिडल सी’ या तीन गोष्टी तेव्हाच पाहून घ्याव्यात.

हेडफोन लावून केलेला सराव पुरतो का?

शेजारी माग सुरू असले किंवा एकाच खोलीत भावंडांचा अभ्यास चालला असला की हेडफोन लावणे भाग पडते. पण रोज कानातच ऐकणाऱ्या मुलाला सभागृहात पसरणारा स्वतःचा आवाज परका वाटतो. म्हणून दिवसातून एकदा तरी हेडफोन काढून, पंखा-टीव्ही-बोलणे सुरू असताना धून वाजवू द्यावी. ज्या खडखडाटाची अडचण वाटते, त्यातच लक्ष टिकवण्याचा सराव होतो.

रंगीत तालीम कशी घ्यावी?

धून कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी पाठ व्हायला हवी. पुढचे दिवस ‘शिकण्या’साठी नसून ‘सादर करण्या’साठी ठेवावेत. सायन बेइलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या फटक्यांवर केलेल्या प्रयोगांत, चित्रीकरण होत असताना सराव केलेले लोक पुढे दडपणाखाली कमी ढेपाळले. घरी हे सहज जमते. समोर मोबाइल ठेवून चित्रीकरण करावे, आजी-आजोबांना, शेजारच्या काकूंना बसवावे. मुलाने खोलीबाहेरून चालत यावे, नमस्कार करावा, बसावे, मनात चार मात्रा मोजाव्यात आणि मगच सुरुवात करावी. तालीम रोज एकदाच घ्यावी. मंचावरही दुसरी संधी नसते.

चूक झालीच तर?

थांबायचे नाही, मागे जायचे नाही, पुढचा थांबा गाठायचा. याचाही सराव लागतो. वाजवताना मुद्दाम टाळी वाजवावी आणि मुलाने लय न सोडता पुढे जावे. चुकलेला एखादा सूर बहुतेक श्रोत्यांना कळत नाही. थांबलेली लय आणि पडलेला चेहरा मात्र सगळ्यांना दिसतो.

पालकांनी काय बोलावे?

‘घाबरू नकोस’ म्हटल्याने भीती जात नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या संशोधनात, गाण्यापूर्वी ‘मला उत्साह वाटतोय’ असे स्वतःला सांगणारे लोक ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गायले. छाती धडधडणे दोन्हींत सारखेच, नाव मात्र वेगळे. त्यामुळे ‘धडधडतंय ना? म्हणजे तू तयार आहेस’ इतके सांगितले तरी पुरते. कार्यक्रमाच्या दिवशी नवी सुधारणा सुचवू नये. एकदा सावकाश वाजवून वाद्य बंद करावे.

मूल खाली आल्यावर पहिला प्रश्न ‘कुठे चुकलास?’ हा नसावा. ‘वाजवताना कोणता भाग आवडला?’ असे विचारावे. चुकांची यादी दोन दिवसांनी, पुढच्या तासाला शिक्षकांसोबत पाहता येते. त्या संध्याकाळी मूल पुन्हा वाद्यापाशी बसायला तयार असले, तर तयारी योग्य झाली असे समजावे.