सुईणीची विद्या आणि विद्यापीठाची पदवी

सुईण हा शब्द कानीं पडला म्हणजे सुशिक्षित कुटुंबांतहि डोळ्यांपुढें उभी राहते ती हाताची कुशल, अनुभवानें जाणती, पण शाळेचें तोंड न पाहिलेली वृद्ध बाई. उलटपक्षीं ‘डॉक्टरेट’ म्हटलें कीं ग्रंथालय, प्रबंध आणि परीक्षकांचें मंडळ आठवतें. या दोन चित्रांचा मेळ बसणें कठीण वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज तो बसलेला आहे. तेथें परिचारिका म्हणून शिकून, पुढें सुईणपणाचें उच्च शिक्षण घेऊन, अखेरीस डॉक्टरेट मिळविणाऱ्या स्त्रिया आहेत. ही पदवी कशासाठीं, ती मिळते कशी, आणि तिचा लाभ बाळंतिणीला होतो किंवा नाहीं, हे प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

बाळंतपणाच्या चिंतेनें विद्यापीठाची वाट धरल्याचें उदाहरण महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. वयाच्या चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गमावलेल्या आनंदीबाई जोशी पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत गेल्या व १८८६ सालीं एम्. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. मात्र आनंदीबाईंचा मार्ग वैद्याचा होता. परिचारिकेनें सुईण व्हावें, हा दुसरा मार्ग अमेरिकेंत रुजला तो केंटकीच्या डोंगराळ मुलखांत.

मेरी ब्रेकिनरिज या बाईंचीं दोन्ही मुलें लहानपणींच गेलीं. त्या स्वतः शिक्षित परिचारिका होत्या. पण परिचारिकांना सुईणपण शिकविणारी योग्य शाळा मायदेशीं नसल्यामुळें त्यांना लंडनला जाऊन तें शिकावें लागलें. १९२५ सालीं त्यांनीं केंटकींत जी सेवासंस्था काढली, ती पुढें ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ या नांवानें प्रसिद्ध झाली. रस्ते नसलेल्या त्या प्रदेशांत तिच्या परिचारिका घोड्यावर बसून घरोघर बाळंतपणें करीत. या कामाची नोंद मात्र पहिल्यापासून काटेकोर ठेवलेली असे. १९३२ सालीं एका मोठ्या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनीं पहिल्या एक हजार बाळंतपणांचे कागद तपासले, आणि अशी सेवा देशभर मिळाल्यास वर्षाकाठीं दहा हजार मातांचे प्राण वाचतील, असा निष्कर्ष काढला. सेवा उत्तम असली तरी तिचा पुरावा नोंदींतून द्यावा लागतो, हा धडा तेव्हांच मिळाला. आजच्या डॉक्टरेटचें बीज त्यांतच आहे. महायुद्धामुळें इंग्रज सुईणी मायदेशीं परतल्या, तेव्हां १९३९ सालीं या संस्थेनें स्वतःची शाळा उघडली. तीच आज ‘फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी’ आहे.

आतां शिक्षणाच्या पायऱ्या पाहूं. प्रथम परिचर्येची पदवी, सामान्यतः चार वर्षांची, आणि परवान्याची परीक्षा. त्यानंतर सुईणपणाचें पदव्युत्तर शिक्षण, सुमारें दोन ते तीन वर्षांचें. त्यांत गर्भवतीची तपासणी, प्रत्यक्ष प्रसूति, नवजात अर्भकाची व प्रसूतीनंतर मातेची काळजी, हें सर्व अनुभवी सुईणीच्या देखरेखीखालीं करावें लागतें. शेवटीं राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा. २०१० सालापासून या व्यवसायांत शिरणाऱ्या परिचारिका-सुईणीला पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे. डॉक्टरेट मात्र आवश्यक नाहीं. ती स्वेच्छेनें चढावयाची पायरी आहे.

या पायरीवर दोन दरवाजे आहेत, आणि त्यांतील भेद न जाणतां आंत शिरणारीची पुष्कळदां निराशा होते. पहिला दरवाजा पीएच्. डी.चा. येथें नवें ज्ञान निर्माण करावयाचें असतें. स्वतंत्र संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो, व त्यांत चार-पांच वर्षें सहज जातात. दुसरा दरवाजा ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ या पदवीचा. येथें अगोदर सिद्ध झालेलें ज्ञान रुग्णालयाच्या रोजच्या व्यवहारांत कसें उतरवावें, हें शिकवितात. प्रबंधाऐवजीं एखादी प्रत्यक्ष सुधारणा करून तिचें फळ मोजून दाखवावें लागतें. परिचर्येच्या पदवीनंतर किमान एक हजार तासांचें देखरेखीखालील काम, हा तिचा दंडक होऊन बसला आहे. जिला अध्यापन व संशोधन करावयाचें आहे तिनें पहिला दरवाजा ठोठवावा. जिला रुग्णालयांतच राहून तेथील रीत सुधारावयाची आहे तिनें दुसरा.

संशोधनानें बाळंतिणीच्या खाटेपाशीं काय बदलतें, याचें एक उदाहरण पुरे होईल. मूल जन्मतांच नाळ ताबडतोब बांधून कापावी कीं थोडें थांबावें? प्रश्न साधा दिसतो; परंतु रुग्णालयांतून लगेच कापण्याचीच रीत दीर्घकाळ चालत आली होती. जूडिथ मर्सर या पीएच्. डी. झालेल्या परिचारिका-सुईणीनें तो कसोटीला लावला. बत्तीस आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या बहात्तर अर्भकांचे दोन गट करून एका गटाची नाळ लगेच, तर दुसऱ्याची तीस ते पंचेचाळीस सेकंदांनीं बांधण्यांत आली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, थांबलेल्या गटांत मेंदूंतील रक्तस्राव व उशिरां होणारा जंतुसंसर्ग कमी आढळला. गट लहान होता. म्हणून इतरांनीं पुढें अधिक मोठे प्रयोग केले. ज्ञान असेंच पाऊल पाऊल वाढतें. येथें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, प्रश्न खाटेपाशीं सुचला तरी त्याचें उत्तर मिळविण्यास मोजमापाची विद्या लागते.

मग ही पदवी सर्वांना सक्तीची कां करूं नये? अमेरिकेंतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेनें २००४ सालीं ठराव केला कीं, २०१५ पर्यंत उच्च दर्जाच्या परिचर्येला प्रवेश डॉक्टरेटनेंच व्हावा. सुईणींच्या संस्थेनें ही सक्ती मानली नाहीं. तिच्या बाजूनें विचार केला तर कारण उघड आहे. शिक्षण लांबलें कीं खर्च वाढतो; खर्च वाढला कीं गरीब घरच्या व खेड्यांतल्या मुली मागें राहतात; आणि जेथें सुईणींची वाण आहे तेथेंच ती वाढते. २०२१ सालीं त्या देशांत दर लाख जिवंत जन्मांमागें मातामृत्यूंचें प्रमाण ३२.९ होतें, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत ६९.९. इतक्या श्रीमंत राष्ट्रांत अशी विषमता कां, हें शोधण्यास डॉक्टरेट झालेल्या सुईणी हव्यातच. पण त्या रात्रीं वेणा देणाऱ्या बाईजवळ बसावयालाहि कोणी तरी हवें. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, आणि एकीसाठीं दुसरीचा बळी देणें शहाणपणाचें नव्हे.

भारतांत हा विचार आतां दूरचा राहिलेला नाहीं. २०१८ सालीं केंद्र सरकारनें सुईण-सेवेचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध करून, शिकलेल्या परिचारिकांसाठीं अठरा महिन्यांच्या विशेष शिक्षणाची योजना मांडली. प्रसूतिपरिचर्येंत एम्. एस्सी. व पुढें पीएच्. डी. करण्याची सोयहि येथें आहे. ज्या घरांतील मुलगी परिचर्येकडे वळूं पाहते, तेथील वडीलधाऱ्यांनीं तिला पदवीचें नांव विचारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: तुला शोध लावावयाचा आहे, रीत सुधारावयाची आहे, कीं बाळंतपणें करावयाचीं आहेत? तिन्ही कामें मानाचीं आहेत. उत्तर स्वच्छ असेल तर पदवीची निवड अवघड नाहीं; तें नसतांना घेतलेली पदवी मात्र नांवापुढें शोभते, बाळंतिणीच्या उपयोगीं पडत नाहीं.