अंगणांतील हरळी व गाडीचीं चाकें

घरापुढें हरळीची हिरवळ राखणें हें केवळ शोभेचें काम आहे, असें आमच्या कित्येक शेतकरी बंधूंस वाटतें. परंतु हिरवळीमुळें अंगणांतील धूळ बसते आणि पावसाचें पाणी माती वाहून न नेतां मुरतें. अशी हिरवळ जमण्यास एक पावसाळा जातो. बिघडण्यास मात्र ओल्या दिवशीं आंत आलेली एकच भरलेली ट्रॉली पुरे होते. ट्रॅक्टर, मोटार व मालमोटार आतां पायरीपर्यंत येत असल्यानें या विषयाचा विचार करणें अवश्य झालें आहे.

चाकोरी वर दिसते, पण खरें नुकसान खालीं होतें. चांगल्या मातीच्या आकारमानाचा सुमारें निम्मा भाग पोकळीचा असतो. या पोकळींतच हवा व पाणी राहतें आणि तिच्यांतूनच मुळ्या वाट काढतात. काळी जमीन ओली झाली म्हणजे फुगून मऊ होते. तिजवर चाकाचा भार पडतांच मोठ्या पोकळ्या बुजतात, पाणी वर साचतें आणि हरळी पिवळी पडते. हें नुकसान बहुतांशीं पहिल्याच फेरींत होऊन जातें. म्हणून ‘एकदांच तर नेतों’ हें म्हणणें फसवें होय.

दारीं आलेल्या पाहुण्यास गाडी बाहेर ठेवा, असें सांगणें जिवावर येतें. म्हणून मनाई करण्यापेक्षां चाकास त्याची वाट बांधून द्यावी, हा उत्तम उपाय. मोटारीपुरतें काम असेल तर दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या घालाव्या व मध्यें हरळी राहूं द्यावी. पट्ट्यांच्या मध्यांतील अंतर सुमारें पांच फूट असावें. तरी आपल्या गाडीचीं चाकें मोजून तें ठरविणें बरें. काळी माती फूटभर खणून काढावी, तळाशीं डबर, त्यावर खडी व मुरूम घालावा आणि पाणी मारून धुमसानें ठोकावा. पाण्यास कडेनें चर ठेवावा. वळणावर मागचें चाक पुढच्या चाकाच्या आंतून जातें, म्हणून तेथें पट्टी अधिक रुंद करावी आणि आंतल्या कोपऱ्यावर चुना लावलेले मोठे दगड रोवावे. ट्रॉली येत असेल तर पट्ट्यांवर न भागतां संपूर्ण रुंदीचा रस्ता व वळण्यास पुरेशी जागा करावी.

झालेली चाकोरी रूळ फिरवून सपाट करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्यानें माती अधिकच दबते. वाफसा येऊं द्यावा. मग हरळीचा थर मुळांसकट कापून उचलावा, खालची माती कुदळीनें मोकळी करावी, तींत कुजलेलें शेणखत व कोरडी माती मिसळून खळगा भरावा आणि थर परत बसवून पाणी द्यावें. हरळी अगदींच मेली असेल तेथें पावसाच्या आरंभीं चार चार इंचांवर तिच्या कांड्या लावाव्या. गाडीचें तेल सांडलें असेल तर ती माती काढून नवी घालावी. तशा मातींत गवत धरत नाहीं.

जो नियम अंगणास तोच शेतास. अंगणांतील चाकोरी डोळ्यांस दिसते, म्हणून आपण हळहळतों. शेतांतील चाकोरी मात्र पुढच्या नांगरटींत झांकून जाते. टायरांत योग्य तितकी कमी हवा ठेवल्यास वरच्या थरावरील दाब घटतो. परंतु आंसावरील जड भार नांगराच्या फाळाखालींही पोंचतो आणि तेथें दबलेली माती कित्येक वर्षें मोकळी होत नाहीं. म्हणून ट्रॅक्टर शेतांत घालण्यापूर्वीं नांगराच्या खोलीवरील मूठभर माती घेऊन तिचा गोळा करून पाहावा. बोटानें दाबतांच तो चुरला तर काम सुरू करावें. चपटा झाला तर आणखी दोन दिवस थांबावें. भाड्याचा ट्रॅक्टर दारांत उभा असतां असें थांबणें कठीण खरें. पण उतावळीची किंमत ट्रॅक्टरवाला देत नाहीं, जमीन देते.