२०० तास, एकच प्रश्न

दम्यानं बेजार झालेलं मूल रुग्णालयात दाखल होतं, बरं होऊन घरी जातं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तिथंच येतं. बोस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ डॉ. बॅरी झुकरमन अशी मुलं पाहत होते. औषधात चूक नव्हती. चूक होती ती मुलं परत जात त्या घरांत: ओल धरलेल्या भिंती, त्यांवर बुरशी आणि दुरुस्तीचं नावही न काढणारे घरमालक. घर राहण्याजोगं ठेवणं ही तिथं मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. म्हणून १९९३ मध्ये झुकरमन यांनी बालरोग विभागाच्या मदतीला वकील आणला. मालकांना कायदा दाखवणं हा दम्याच्या उपचाराचाच भाग झाला.

आजाराचं मूळ पुष्कळदा दवाखान्याबाहेर असतं, हे विद्यार्थ्याला शिकतानाच कळावं म्हणून त्याच बोस्टनमध्ये १९९२ साली एक फेलोशिप सुरू झाली होती. ती आहे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या नावाची. पुढं ती अमेरिकेतल्या इतर शहरांतही गेली. वैद्यक, नर्सिंग, दंतवैद्यक, औषधनिर्माण, समाजकार्य, कायदा अशा शाखांचे विद्यार्थी तिच्यासाठी निवडले जातात. कॉलेज सोडायचं नाही. शिक्षण सांभाळून वर्षभरात किमान २०० तास एका वस्तीसाठी, एका गटासाठी, एकाच प्रश्नावर काम करायचं. मानधन बेताचंच मिळतं.

हे २०० तास कसे बांधले आहेत, ते नीट पाहण्यासारखं आहे. विद्यार्थी एकटा वस्तीत शिरत नाही. बेघरांचा निवारा, शाळा, वृद्धांचं केंद्र, मोफत दवाखाना अशी तिथं आधीपासून काम करणारी एखादी संस्था त्याला सोबत घ्यावी लागते. मार्गदर्शक दोन असतात, एक कॉलेजातला आणि एक त्या संस्थेतला. पहिला शास्त्र तपासतो. दुसरा सांगतो की मंगळवारी दुपारी इथं कोणी येणार नाही, कारण बायका तेव्हा कामावर असतात. माझ्या मते दुसऱ्याचं मोल अधिक. समजा, एखादी विद्यार्थिनी मधुमेहींच्या आहारावर व्याख्यानांची आखणी करून आली. ऐकणाऱ्या बायका तिला सांगतात, भाजी खायला हवी हे आम्हालाही ठाऊक आहे, पण ताजी भाजी मिळते ते दुकान दोन बस बदलून जाण्याइतकं लांब आहे. आता व्याख्यान बाजूला ठेवून भाजी वस्तीत कशी येईल ते पाहायचं. एका दिवसाच्या शिबिरात हे वळण घेता येत नाही, तेवढा अवधीच नसतो. वर्ष हाताशी असेल तर घेता येतं.

शिवाय सगळे फेलो दर महिन्याला एकत्र बसतात. दातांचा डॉक्टर होणारा मुलगा कायद्याच्या विद्यार्थिनीपुढं आपली अडचण मांडतो. पुढच्या आयुष्यात या दोघांची कामाच्या निमित्तानं गाठ पडण्याची शक्यता कमीच. झुकरमन यांना विभागप्रमुख झाल्यावर जी जोडी जमवावी लागली, ती इथं विशीतच जमते.

श्वाइट्झर मराठी वाचकाला परके नाहीत. सुमती देवस्थळे यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र आपल्याकडं आवडीनं वाचलं गेलं. धर्मशास्त्राचे पंडित, ऑर्गनवादक, बाखच्या संगीताचे जाणकार असलेले श्वाइट्झर तिशीत वैद्यक शिकू लागले आणि १९१३ मध्ये पत्नी हेलेनसह आफ्रिकेत, आजच्या गॅबनमधल्या लाम्बारेनेला पोचले. तिथलं त्यांचं पहिलं तपासणीचं दालन म्हणजे कोंबड्यांचं जुनं खुराडं होतं. दुसऱ्या महायुद्धात या रुग्णालयाला मदत पोचावी म्हणून १९४० मध्ये अमेरिकेत जी संस्था निघाली, तिच्यातूनच पुढं ही फेलोशिप आली. श्वाइट्झर यांच्यावरचा एक आक्षेप खरा आहे आणि तो लपवू नये: आफ्रिकी माणसांकडं ते थोरल्या भावाच्या नात्यानं पाहत, बरोबरीच्या नाही. त्यांच्या नावानं चाललेल्या योजनेत वस्तीतल्या मार्गदर्शकाला कॉलेजच्या प्राध्यापकाशेजारी बसवलं जातं, ही मला त्या आक्षेपाची योग्य दखल वाटते.

आपल्याकडं तासांची कमतरता नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. वर सात दिवसांचं शिबिर. ग्रामस्वच्छता, वृक्षारोपण, रक्तदान, पथनाट्य यांत मनापासून राबणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण त्यांचे तास अनेक उपक्रमांत वाटले जातात. या वर्षी लावलेलं रोप पुढच्या वर्षी कोणी पाहायचं, हे ठरलेलंच नसतं.

याहून वेगळी वाट दाखवणारं कॉलेज मात्र महाराष्ट्रातच आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभारलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसची प्रत्येक नवी तुकडी एक गाव निवडते. पहिल्याच वर्षी ती तिथं मुक्कामाला जाते, प्रत्येकाकडं काही कुटुंबं येतात आणि शिबिर संपल्यावरही त्या घरी जाणं सुरू राहतं. कुणाची सून बाळंत झाली, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या का बंद झाल्या, हे मुलांना माणसांच्या तोंडून कळतं. आता देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम आला आहे. या पद्धतीचंच ते मोठं रूप.

अमेरिकी योजनेतही एक दुखरी जागा आहे. वर्ष संपतं, परीक्षा येतात, फेलो निघून जातो आणि निवाऱ्यातल्या मुलांना पुन्हा नवा चेहरा दिसतो. म्हणून आपण गेल्यावर हे काम कोण चालवणार, हे फेलोनं आधीच आखावं अशी अपेक्षा असते. ती दर वेळी पुरी होतेच असं नाही. अर्जात शोभणारी एक ओळ मिळवण्यासाठी येणारेही असतात. त्यांना गाळण्याची खात्रीची युक्ती कुणाकडं नाही. पण वर्षभर त्याच दारात जावं लागलं तर त्यांतले काही बदलतात, असा माझा विश्वास आहे.

आपल्या कॉलेजांतही कुटुंबभेटींची वही भरली जाईल, शिक्का बसेल, गुण मिळतील. पालकांनी आणि प्राध्यापकांनी त्या वहीत एक गोष्ट जरूर पाहावी: पहिल्या वर्षी ज्या आजींचा रक्तदाब मोजला, तिसऱ्या वर्षीही त्यांच्याकडं तीच विद्यार्थिनी गेली का, आणि मधल्या काळात त्यांच्या गोळ्यांची सोय झाली का.