हेडफोनला व्होल्ट किती, कानाला डेसिबल किती?

२५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन हौसेने मागवायचे, मोबाइलला जोडायचे आणि ‘यात आवाजच नाही’ म्हणून हिरमुसायचे, हा अनुभव आता छत्रपती संभाजीनगरातही नवा राहिलेला नाही. स्टुडिओत वापरले जाणारे बायरडायनॅमिकचे डीटी ९९० प्रो किंवा सेनहायझरचे एचडी ६५० घरबसल्या मागवता येतात. आधी ऐकून बघण्याची सोय मात्र सहसा नसते. मग कुणीतरी सल्ला देतोच, ‘याला अ‍ॅम्प्लिफायर लागतो.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. किती लागतो, हे सांगितले जात नाही आणि खिशाचा व कानाचा सगळा प्रश्न त्या ‘किती’मध्येच आहे.

ओहम हे इम्पिडन्सचे, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहराला दाब आणि प्रवाह यांतला फरक वेगळा समजावून सांगायला नको. जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे बारीक तोटीचा नळ. त्याला पाणी थोडेच लागते, पण दाब चांगला लागतो. हा दाब म्हणजे व्होल्टेज. मोबाइलमध्ये नेमका तोच कमी असतो, कारण मोबाइल सोबतच्या १६ किंवा ३२ ओहमच्या इअरफोनसाठी बनवलेला असतो. जुन्या स्टुडिओंमध्ये व्होल्टेजची ददात नव्हती, म्हणून तिथे बारीक तारेचे, जास्त वेढ्यांचे हेडफोन रुळले. सेनहायझरचा १९६८ सालचा प्रसिद्ध एचडी ४१४ तर २००० ओहमचा होता.

आता थोडे गणित. डीटी ९९० प्रोच्या २५० ओहमच्या प्रकाराला १ मिलिवॉट शक्ती दिली, की सुमारे ९६ डेसिबल आवाज मिळतो. २५० ओहममध्ये १ मिलिवॉट पोहोचवायला फक्त अर्धा व्होल्ट लागतो. व्होल्टेज दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे १ व्होल्टला १०२, २ व्होल्टला १०८ आणि ४ व्होल्टला ११४ डेसिबल. जाहिरातीत मात्र ‘१००० मिलिवॉट’ असे ठळक छापलेले असते आणि ते बहुतेक वेळा ३२ ओहमसाठीचे असते. तोच अ‍ॅम्प्लिफायर २५० ओहमला त्याच व्होल्टेजवर १२८ मिलिवॉटच देईल. तेही गरजेच्या कितीतरी पट आहे, ही गोष्ट निराळी. विकत घेताना विचारायचे ते वॉट नव्हेत. ३०० ओहमच्या हेडफोनला किती व्होल्ट मिळतात, हे विचारायचे.

गरज किती, हे कान ठरवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल अशी आहे. मुलांसाठी तीच ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५, ९२ला अडीच तास, तेही आठवड्याला. १०१ डेसिबलला जेमतेम १९ मिनिटे उरतात. आतल्या कानाच्या शंखात प्रत्येकी साधारण १५ हजार केशपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्टेरॉइड, जीवनसत्त्वे, कानात टाकायचे तेल, कशानेही नाही.

पं. नाथराव नेरळकरांनी ज्या शहरात पिढ्या शिकवल्या, तिथल्या ख्याल ऐकणाऱ्या श्रोत्यापासूनच हिशेब सुरू करू. ख्यालात तानपुऱ्याची आस आणि वरच्या सप्तकातली तान यांत मोठे अंतर असते. सरासरी ८० डेसिबलला ऐकले, तर तानेचा कळस १०० डेसिबलपर्यंत क्षणभर जाऊ शकतो. त्यासाठी १ व्होल्ट पुरतो. जुने, हळू आवाजात ध्वनिमुद्रित केलेले गाणे असेल, तर २ व्होल्ट भरपूर. ६०० ओहमच्या हेडफोनलाही २ व्होल्टवर १०४ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. आजच्या चित्रपटगीतांचे उलट आहे. ती सगळी एकसारखी मोठ्याने दाबून मुद्रित केलेली असतात, सरासरी आणि कळस यांत बऱ्याचदा १० डेसिबलचाच फरक उरतो. त्यांच्यासाठी पाव व्होल्टवर सरासरी ८० डेसिबल मिळून जातात. म्हणजे मोबाइलही पुरतो!

मग तो पुरत नाही असे का वाटते? एक कारण सवयीचे. कानात बसणाऱ्या इअरफोनवर वर्षानुवर्षे ९० डेसिबलच्या वर ऐकणाऱ्याला ८० डेसिबल मेलेला वाटतो. दुसरे कारण खोलीचे. वर सांगितलेले दोन्ही हेडफोन उघड्या पाठीचे आहेत, बाहेरचा आवाज ते अडवत नाहीत. जालना रोडलगतच्या घरात खिडकी उघडी, डोक्यावर पंखा गरगरतोय, अशा ठिकाणी तानपुरा ऐकू यावा म्हणून माणूस हटकून आवाज वाढवतो. इथे अ‍ॅम्प्लिफायर नव्हे, बंद खिडकी लागते. रात्री अकरानंतर तोच हेडफोन अचानक ‘ताकदवान’ होतो, हे अनेकांनी अनुभवले असेल.

म्हणून कमी खर्चात निवड करायची, तर मोबाइलच्या यूएसबी खाचेत बसणारा, १ ते २ व्होल्ट देणारा बोटभर अ‍ॅडॉप्टर बहुतेकांना पुरतो. टेबलावर ठेवायचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा कुणाला मोह झालाच, तर त्यात कमी गेनचे बटण आहे ना, हे आधी पाहावे आणि ते तिथेच ठेवावे. जास्त गेनवर आवाजाची कळ जरा फिरवली की कानठळ्या बसतात, आणि अगदी खालच्या टोकाला स्वस्त कळीत डावा-उजवा आवाज सारखा येत नाही. महागाचा आग्रह धरणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०११ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने ‘ओटू’ नावाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. ९ व्होल्टच्या दोन साध्या बॅटऱ्यांवरही चालणारे ते यंत्र मोजमापात महागड्या यंत्रांच्या तोडीस तोड निघाले. पुढच्याच वर्षी तो गप्प झाला, तो कायमचा. भिंतीतल्या विजेवर हेच ओटू सुमारे ७ व्होल्ट देते. २५० ओहमच्या आपल्या हेडफोनवर हे जवळजवळ ११९ डेसिबल होतात. इतके कुणालाही नकोत.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला की आणखी एक गोष्ट घडते. आवाज फार मोठा झाला, असा मोबाइल जो इशारा देतो, तो मोबाइलपुरताच असतो. पुढच्या यंत्राची कळ कुठे फिरवली आहे, हे त्याला कळत नाही. ही राखण आपली आपण करावी लागते. साधा उपाय मल्टिमीटरचा. पूर्ण पातळीचा ५० किंवा १०० हर्ट्‌झचा चाचणी-सूर लावायचा, हेडफोन डोक्यावरून काढून ठेवायचा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून जॅकच्या टोकांवर मोजायचे. १ व्होल्ट दिसेल तिथे कळीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. २५० ओहमच्या हेडफोनसाठी ख्यालाची ती वरची हद्द. पाव व्होल्टला दुसरा ठिपका, चित्रपटगीतांसाठी.

हे ठिपके फक्त त्याच हेडफोनचे, हे घरात सर्वांना माहीत हवे. धोका इथे खरोखर मोठा आहे. त्याच अ‍ॅम्प्लिफायरला घरातल्या मुलाने स्वतःचा ३२ ओहमचा, १ मिलिवॉटला ११० डेसिबल देणारा इअरफोन जोडला आणि कळ २ व्होल्टवर राहिलेली असली, तर हिशेबाने आवाज १३० डेसिबलच्या पुढे जातो. इअरफोन इतका सहन करेल न करेल, कानाला मात्र एक क्षण पुरतो. ऐकणे संपले की कळ शून्यावर, हा नियम गॅसच्या शेगडीइतकाच काटेकोर पाळावा.

आणि ज्यांना बंद खोलीतही, चांगल्या अ‍ॅडॉप्टरवरही आवाज दबलेला, धूसर वाटतो, त्यांनी पैसे खर्च करण्याआधी तोच हेडफोन घरातल्या विशी-पंचविशीतल्या कुणाला तरी ऐकायला द्यावा. त्याला तो स्वच्छ ऐकू आला, तर प्रश्न हेडफोनचा नाही. मोठ्या आवाजाने होणारी इजा बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. वाढत्या वयात वरचे सूर आधी जातात. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात, झांजेची किणकिण जाते, पण खालचे आवाज शाबूत असल्यामुळे माणसाला आपण कमी ऐकतो असे वाटतच नाही. त्याला यंत्र कमकुवत वाटते. तो अ‍ॅम्प्लिफायर आणतो, आवाज वाढवतो आणि उरलेल्या केशपेशीही घालवतो. पुष्कळदा तर कारण नुसता मळाचा बोळा असते, आणि तो पाच मिनिटांत निघतो. घाटीसारख्या शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी होते. तिचा खर्च कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा कमी. चाळिशी ओलांडलेल्या हौशी श्रोत्याने ती आधी करून घ्यावी.

ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा कान भरल्यासारखे वाटले, तर त्या दिवशीचा आवाज जास्त झाला होता असे समजावे आणि एक-दोन दिवस कानांना विश्रांती द्यावी. शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर तपासणी करावी. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर मात्र हेडफोनची वायर तपासत बसू नये. दोन्ही बाजू अदलाबदल करून पाहावी. तोच कान मुका राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण अशा बहिरेपणावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त उपयोगी पडतात.