मेंदूची गाठ आणि चिमुकला आर.एन.ए.

मूल सकाळी उठले की डोके दुखते, उलटी होते, चालताना झोक जातो. कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांत याला कुणी पित्त म्हणते, कुणी बाहेरची बाधा, आणि अंगारे-धुपाऱ्यात महिने निघून जातात. बहुतेक वेळा कारण साधेच असते. पण हे थांबत नसेल तर मुलाला डॉक्टरांकडे नेऊन मेंदूची तपासणी करावी. लहान मुलांच्या डोक्याच्या मागच्या भागात मेड्युलोब्लास्टोमा नावाची कर्करोगाची गाठ होऊ शकते.

या गाठीचे चार मुख्य गट आहेत. ‘डब्ल्यू.एन.टी.’ गटातील बहुतेक मुले उपचारांनी बरी होतात. तिसरा गट जास्त घातक. नुसत्या सूक्ष्मदर्शकातून हा फरक नेहमी कळत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने तो ओळखण्याची चाचणी बसवली आणि २०१३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जनुकांबरोबर मायक्रो आर.एन.ए. मोजतात.

हे काय प्रकरण, ते आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगतो. पेशीतला डी.एन.ए. म्हणजे मूळ रजिस्टर. त्याची नक्कल म्हणजे आर.एन.ए.; ती वाचून प्रथिन तयार होते. मायक्रो आर.एन.ए.पासून मात्र प्रथिन होत नाही. सुमारे २२ अक्षरांची ही चिठ्ठी दुसऱ्या नकलेला चिकटते आणि ‘काम थांबवा’ असा शेरा मारते. शेरे चुकले की पेशींची वाढ बेताल होऊ शकते. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली हे मिलिमीटरभर किड्यात दाखवले. २०२४ साली त्यांना नोबेल मिळाले. किड्यांवर पैसा कशाला, असे विचारणारे तेव्हाही असतीलच!

ऑपरेशननंतर गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपतात. त्यात लांब आर.एन.ए. तुटतो, चिमुकला बराच टिकतो. म्हणून ऑपरेशन दुसरीकडे झाले असले तरी तपासणी होऊ शकते. पालकांनी रिपोर्टाबरोबर ‘ब्लॉक’ आणि स्लाइडही मागून घ्याव्यात. उन्हात ठेवू नयेत, मेणच ते.

गट चांगला निघाला म्हणून उपचार अर्धवट सोडू नयेत. टाटामध्येच डब्ल्यू.एन.टी. गटाच्या मुलांना पूर्ण मेंदू-मणक्याचा शेक टाळून फक्त गाठीच्या जागी किरणे देऊन पाहिली, तेव्हा काहींचा रोग उलटला. शेकाने मुलाच्या वाढीवर, अभ्यासावर परिणाम होतो हेही खरे. किती द्यायचा, हे डॉक्टरांना बिनसंकोच विचारावे.

खोपोलीहून एस.टी.ने पनवेल, पुढे लोकलने खारघर. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत असू द्यावे, आणि खर्चाची चौकशी आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करावी.