झेपेल तेवढाच हप्ता

मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो तेव्हा सही करायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. पुढे मित्र गाव सोडून गेला, बँकेनं दावा लावला आणि 2 लाख 10 हजारांचा हुकूमनामा आम्हा दोघांच्या नावानं झाला. दोघांपैकी सापडणारा मी एकटाच. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे सही करताना कोण वाचतो?

आई हबकली. तिच्या लेखी कोर्टाचं देणं म्हणजे बेड्याच. वकीलसाहेबांनी तिला समजावलं, की केवळ पैसे नाहीत म्हणून कुणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून चुकवाचुकवी करणाऱ्याची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे स्पष्ट केलंय. आईला ते नाव काही उच्चारता आलं नाही, पण त्या रात्री ती जेवली.

प्रश्न उरला आकड्याचा. हप्त्यांसाठी अर्ज हुकूमनाम्यापासून 30 दिवसांत करायचा होता, आणि निकालानंतर हप्ते मागायचे तर बँकेची संमतीही हवी. महिना किती देतो म्हणायचं? मी तडकाफडकी 9 हजार म्हणालो. एकदाचं मोकळं व्हायचं, चारचौघांत मान खाली नको! ही काही बोलली नाही. आतून हिशेबाची वही घेऊन आली. एरवीच्या महिन्यात ओढूनताणून 8 हजार उरत होते. जूनमध्ये फी, वह्या-पुस्तकं, गणवेश यांतून जेमतेम 5 हजार 200. "अहो, हप्ता जूनमध्येही भरायचाय," एवढंच ती म्हणाली.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. दोनच हजार म्हणू या! वकीलसाहेब हसले. हप्ते ठरले नाहीत तर बँक पगार जप्त करायला मोकळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले 1 हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीची रक्कम जप्त होऊ शकते, एका हुकूमनाम्यापायी एकूण 24 महिने. माझा पगार 31 हजार, म्हणजे महिना 10 हजार गेले असते. हे गणित बँकही करणारच. शिवाय 6 टक्क्यांनी व्याजच महिना 1,050 होत होतं. दोन हजारांत मुद्दल हलणार कधी?

शेवटी आम्ही 5 हजार लिहिले आणि दर दिवाळीला बोनसमधून 15 हजार. बँकेच्या माणसानं 8 मागितले. माझी जीभ 'हो' म्हणायला वळवळली. पण दोन हप्ते चुकले की सगळी रक्कम एकदम देय, अशी अट होती. मी वही पुढे सरकवली. जूनच्या पानावर तो जरा थांबला, बाहेर जाऊन साहेबांशी बोलून आला. 5 मान्य, दिवाळीचे मात्र 20.

परस्पर भरलेल्या पैशांची कोर्टात नोंद झाली नाही, तर वसुलीच्या वेळी ते धरले जात नाहीत. म्हणून प्रत्येक पावती ही वहीतच चिकटवते. भरलेला पैसा मित्राकडून वसूल करायचा हक्क मला आहे म्हणे. तो सापडला तर.

पहिल्या जूनमध्ये हप्ता भरून 200 रुपये उरले. मुलगा मागच्या वर्षीचाच रेनकोट घालून शाळेत गेला, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.