बाळी की घड?

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची खोपोलीहून कर्जतला आमच्याकडे राहायला आली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि ती थेट परसातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली जाऊन उभी राहिली. तिथूनच ओरडली, "मावशी, वेलीला शेपट्या फुटल्यात!"

शेपट्या नव्हे, बाळ्या. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार हाच शब्द वापरतात. कोवळ्या फुटीवर पेराच्या एका बाजूला पान असतं आणि बरोबर त्याच्या समोर ही हिरवी, बोटभर लांब तार. तिच्या टोकाला दोन फाटे. ती हवेत हळूहळू फिरत आधार शोधते आणि दोरी, तार, काठी असं काहीही हाताला लागलं की त्याला वेढा घालते.

"आता खालच्या पानासमोर बघ," मी म्हटलं.

तिथे बाळी नव्हती. बाळीच्याच जागी, तशाच देठावर एक इवलासा तुरा होता. त्यावर मोहरीपेक्षाही बारीक हिरवे दाणे दाटीवाटीने बसले होते. तो घड.

"एका पानासमोर बाळी आणि एका पानासमोर घड? कोण ठरवतं?"

मुलांनो, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, तर तुम्ही चार्ल्स डार्विनच्या पंगतीत जाऊन बसलात. वर चढणाऱ्या वेलींवर त्याने एक आख्खं पुस्तक लिहिलं आहे. द्राक्षाची बाळी म्हणजे रूप बदललेला फुलांचा देठ, हे त्याने त्यात नीट दाखवलं आहे. बाळी आणि घड ही सख्खी भावंडं आहेत. डोळ्याच्या आत दोघांची सुरुवात एकाच बारीक उंचवट्यापासून होते. (वेलीच्या कळीला बागायतदार डोळा म्हणतात.) सुरुवातीला तो उंचवटा बाळीही नसतो आणि घडही नसतो. भरपूर ऊन आणि पोटभर अन्न मिळालं, तर त्याला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे फुटतात आणि घड तयार होतो. उपासमार झाली, तर दोन फाट्यांवरच तो थांबतो. मग झाली बाळी.

कधीकधी त्याचं धड ठरतही नाही. आमच्या वेलीवर त्या दिवशी एक बाळी सापडली, तिचा एक फाटा नुसती तार होता आणि दुसऱ्यावर पाच-सहा दाणे. भाचीने ती भिंगाखाली इतका वेळ धरली की तिचा चहा गार झाला. फुटीसोबत बाहेर आलेला कोवळा घडही वेलीची ताकद कमी पडली तर सुकत जातो किंवा त्याची बाळी होते. बागायतदार त्याला 'घड जिरला' म्हणतात. किती नेमका शब्द! पाणी मातीत जिरतं, तसा घड वेलीत जिरतो.

"पण हे ठरलं कधी?" भाचीने विचारलं. "गेल्या आठवड्यात?"

नाही.

"गेल्या महिन्यात?"

तेव्हाही नाही. ठरलं ते मे महिन्यात! ती आमच्याकडे आंबे खायला आली होती आणि उकाड्याने हैराण होऊन दिवसभर पंख्याखाली बसायची, त्या दिवसांत. कर्जतच्या त्या कडक उन्हात वेलीच्या प्रत्येक डोळ्याच्या आत, टाचणीच्या टोकाहूनही बारीक जागेत, पुढच्या फेब्रुवारीतले घड आकार घेत होते. बाहेरून पाहणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. बागायतदार त्याला 'सूक्ष्म घडनिर्मिती' म्हणतात.

हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हा पहिली दोन वर्षं आमच्या वेलीने नुसती पानं दिली. मांडव भरला, वेल कौलांवर चढली, आणि जिकडे बघावं तिकडे बाळ्याच बाळ्या. शेवटी घाटावरच्या एका बागायतदारांनी विचारलं, "ताई, छाटणी कधी करता?" मी कात्री लावलीच नव्हती. हिरव्यागार वेलीला कापायचं माझ्या जिवावर यायचं.

युरोपात द्राक्षाची वेल थंडीत पानं गाळते, झोपते आणि वसंतात जागी होते. महाराष्ट्रात तेवढी थंडी नाही, म्हणून वेल झोपतच नाही. इथे कात्रीच तिचं वेळापत्रक ठरवते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जुन्या काड्या एक-दोन डोळे ठेवून काढून टाकायच्या, ही खरड छाटणी. नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत उन्हाने घड ठरतात. मग पाऊस गेला की त्या काड्या पुन्हा आखूड करायच्या, ही गोडी छाटणी. हिच्यानंतर घड बाहेर येतात. आता मी खरड छाटणी मार्चअखेर करते, म्हणजे कर्जतला ढग यायच्या आधी डोळ्यांना दोन महिने स्वच्छ ऊन मिळतं. गोडी छाटणी दसऱ्याच्या सुमारास, परतीचा पाऊस थांबला की.

छाटणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी फुलं येतात. त्या रविवारी भाची मुद्दाम लोकलने आली आणि आल्यावर रुसली. "फुलं कुठायत? हे तर हिरवे दाणेच आहेत!"

भिंग घे, म्हटलं, आणि एकाच दाण्याकडे बघत राहा.

जास्वंदाची कळी वरून उघडते, गुलाबाची वरून उघडते. द्राक्षाची कळी खालून उघडते! तिच्या पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. फुलायची वेळ झाली की त्या बुडाशी सुटतात आणि आतले पुंकेसर त्यांना वर ढकलतात. पाचही पाकळ्या मिळून एक हिरवी टोपी होते आणि ती टोपी अलगद गळून पडते. खाली उरतात बसक्या सुरईसारखा स्त्रीकेसर आणि त्याच्याभोवती पाच पांढुरके पुंकेसर. रंग नाही, दिमाख नाही, फक्त मंद गोडसर वास. मधमाशीला बोलवायची या फुलाला फारशी गरजच पडत नाही, त्याचे पराग त्याच फुलावर पडून काम होतं. आम्ही घडाखाली काळा कागद धरला आणि देठाला हळूच टिचकी मारली. कागदावर टोप्यांचा सडा पडला. तीळसुद्धा त्यांच्यापुढे मोठा दिसला असता.

एका घडात शेकडो फुलं असतात, पण सगळ्यांचे मणी होत नाहीत. पुष्कळ गळून जातात आणि ते बरंच आहे. सगळे राहिले असते तर मण्यांना फुगायला जागाच उरली नसती.

आता थोडं भाताच्या खाचरात जाऊ. द्राक्षाच्या लेखात भात कुठून आला? बाजारातली बिनबियांची हिरवी द्राक्षं आठवा. बी नसल्यामुळे तो मणी खरं तर लहानच राहतो. वाढ, असं फळाला सांगणारं एक द्रव्य बी तयार करत असतं आणि इथे बीच नाही. म्हणून बागायतदार घड त्या द्रव्याच्या अगदी पातळ द्रावणात बुडवून काढतात. त्या द्रव्याचं नाव जिबरेलिन, आणि त्याचा शोध लागला भातामुळे. जपानी शेतकऱ्यांच्या खाचरात काही रोपं अचानक उंच, फिकट, लडबडीत वाढत आणि दाणा न धरता मरत. ते त्यांना 'बाकानाए' म्हणत, म्हणजे वेडं रोप. 1926 साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवलं की एक बुरशी जे द्रव्य बाहेर टाकते, त्याने रोपं अशी वाढतात. 1935 साली याबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिलं. आपल्या कर्जतचं कृषी संशोधन केंद्र भाताच्या जातींसाठी नावाजलेलं आहे. 'कर्जत-3', 'कर्जत-7' ही नावं तुमच्या आजोबांना पाठ असतील. आजोबांच्या भातात आणि तुमच्या डब्यातल्या द्राक्षात असं हे नातं आहे.

आमची वेल मात्र बियांची आहे. काळी, जाड सालीची बंगलोर पर्पल. तिला बुडवावं लागत नाही.

संक्रांतीला मणी हिरवे, टणक आणि तोंड वाकडं करणारे आंबट होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत 'पाणी उतरलं'. हाही बागायतदारांचाच शब्द. वाटाण्यासारखा कडक मणी एकाएकी मऊ होतो, आंबटपणा उतरायला लागतो, साखर चढते आणि काळ्या जातीत साल जांभळी होते. घडातले सगळे मणी एकदम रंगत नाहीत. चार हिरवे, दोन गुलाबी, एक काळा, असा तो घड मला पिकलेल्या घडापेक्षाही देखणा वाटतो.

भाचीने एक अर्धकच्चा घड तोडून आंब्यासारखा गवताच्या अढीत लपवला होता. पाच दिवसांनी तो सुकलेला निघाला, आंबट तो आंबटच. आंबा, केळं, चिकू झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. द्राक्ष तोडलं की त्याचं पिकणं तिथेच थांबतं. त्याची सगळी साखर वेलीवरच भरावी लागते.

पिकलेल्या मण्यावरची पांढुरकी भुकटी पाहिली आहे ना? ती औषधाची आहे असं समजून पुष्कळ जण जोरजोरात पुसतात. ती मण्याने स्वतः तयार केलेली मेणाची साय असते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, अळूच्या पानावरच्यासारखा गोल राहतो. द्राक्षं खाण्याआधी धुवायची मात्र नक्की, कारण फवारलेलं औषध डोळ्यांना दिसत नाही.

महाशिवरात्रीच्या उपासाला आम्ही वेलीवरचे सात घड उतरवले. सातच! पण कर्जतला सात घड म्हणजे काय, ते इथला पाऊस पाहिलेल्यालाच कळेल. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. द्राक्षबागांच्या तासगावकडे याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ओल्या पानावर केवडा नावाचा रोग येतो. पानावर तेलकट पिवळे डाग पडतात आणि खालच्या बाजूला पांढरा कापूस धरतो. त्यावरचं औषध चोरांमुळे सापडलं. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडत, म्हणजे ती घाण पाहून येणारे-जाणारे द्राक्षं तोडणार नाहीत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की बाकीची बाग केवड्याने झडली आहे, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. 1885 साली त्यांनी हा उपाय जाहीर केला. तेच बोर्डो मिश्रण आज आपल्या कोकणात सुपारीच्या बागांवर फवारतात, आणि पावसाळ्यात मी आमच्या वेलीवर.

"दमट हवेत आपणहून सुखाने राहणारं द्राक्ष नाहीच का?" भाचीने विचारलं.

आहे की. अमेरिकेच्या आग्नेय भागात, कॅरोलायना-जॉर्जियाकडे, मस्कडाइन नावाचं द्राक्ष रानात वाढतं. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच घामट, आणि त्याच हवेत लहानाची मोठी झाल्यामुळे ही वेल अशा रोगांना सहसा दाद देत नाही. ती मे-जूनमध्ये फुलते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पिकते. फळं मोठ्या करवंदाएवढी, घडात थोडीच, पिकली की एकेक सुटून खाली पडतात. साल इतकी जाड की करवंदासारखा गर चोखून ती टाकून देतात. रानातल्या काही वेलींवर फक्त नरफुलं येतात, त्यांना फळ कधीच धरत नाही. आपल्या द्राक्षाच्या पेशीत 38 गुणसूत्रं असतात, मस्कडाइनच्या 40. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे हिच्या बाळीला फाटाच नसतो, एकच शेपूट. उत्तर कॅरोलायनात रोआनोक बेटावर या जातीची एक वेल आहे, ती चारशे वर्षांची असल्याचं सांगतात.

"मग तीच लावू या!"

पण तिला हिवाळ्यात पानं गाळून झोपायचं असतं. ती थंडी आपण कर्जतला कुठून आणणार?

त्यापेक्षा आपल्या रानात द्राक्षाचे कोण कोण नातेवाईक आहेत, ते शोधूया. कुंपणावरची चौकोनी कांड्यांची कांडवेल याच कुळातली. आंबटवेलही याच कुळातली. पावसाच्या सुरुवातीला आदिवासी मावश्या बाजारात ज्याच्या कोवळ्या कोंबांच्या जुड्या आणतात, तो दिंडासुद्धा याच कुळातला, फक्त तो झुडूप असल्यामुळे त्याला बाळी नसते. आणि सह्याद्रीच्या जंगलात खरोखरीचं रानद्राक्षही आहे. मोठाल्या पानांची ती वेल पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येते.

या पावसाळ्यात इर्शाळगडाच्या किंवा कोथळीगडाच्या वाटेवर अशी वेल दिसली, तर पानाच्या बरोबर समोर बघा. बाळी आहे की तुरा? बाळीला फाटे किती? एखादी अर्धी बाळी, अर्धा घड अशी सापडली, तर वहीत तिचं चित्र काढून ठेवा. फळं मात्र ओळखीच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. या कुळातल्या पुष्कळ वेलींच्या अंगात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि त्यांनी घशाला फार खाज सुटते.